गणंग

उसळ खाताना दाताखाली कटकन जे येतं, ते दर वेळी खडा नसतं. पुष्कळदा तो गणंग असतो. रात्रभर पाण्यात राहूनही न भिजलेला, कुकरच्या सहा शिट्ट्यांना दाद न देणारा दाणा. घरातली बाई तो ताटाच्या कडेला काढते आणि विसरून जाते. मी मात्र असल्या दाण्यांवर आठ वर्षं घालवली, त्यांच्यावर पीएच.डी. मिळवली, आणि एकदा भर ग्रामसभेत माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला गणंग म्हणाले. आठ वर्षांच्या कामाचं बक्षीस मिळालं. त्या एका शब्दाचं जे मिळालं, ते सांगायला बसले आहे.

माझं नाव बेबी असवले. शाळेत घालताना मास्तरांनी नाव विचारलं आणि आईने घरात हाक मारायची तेच सांगून टाकलं. आता परिषदेत ‘डॉक्टर बेबी’ असा पुकारा झाला की मागच्या रांगेत कुणीतरी हसतंच. हसू देत. आमचं गाव उंबरपठार, जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या कड्याजवळ. गावाच्या वर मैलभर पसरलेलं पठार आहे. काळा कातळ आणि त्यावर वीतभर माती. त्या वीतभर मातीत पावसाळ्यात रानमुगी उगवते.

रानमुगी म्हणजे मुगाची रानातली गरीब चुलती. जमिनीलगत सरपटणारा हातभर वेल, तीन-तीन पानं, नखाएवढी पिवळी फुलं आणि काळ्या, केसाळ शेंगा. आषाढात उगवायची, दिवाळीच्या आत वाळून जायची. एवढंच तिचं आयुष्य. शेंगा तोडायच्या त्या भल्या सकाळी, दंव असताना. ऊन चढलं की शेंग तडकते, पीळ खाऊन उलगडते आणि दाणे चार हातांवर फेकते. आईबरोबर मी आणि देवरामदादा गुडघ्यांवर बसून शेंगा तोडायचो. सहा माणसांना दोन वेळचं कढण होईल एवढं पदरात पडलं की परत फिरायचं. बेचाळीस अंशांच्या उन्हातही हिची पानं मान टाकत नाहीत, आणि मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र ओढून त्या भिकार मातीला खत देतात. सन दोन हजार चाळीसनंतर उन्हाळे जे झाले ते झाले, आणि मग शास्त्रज्ञांना ही चुलती एकदम श्रीमंत वाटू लागली. आमची रानमुगी जगात दुसरीकडे कुठेही उगवत नव्हती. आमचं पठार तेवढंच तिचं माहेर.

तिची खोड एकच. दहा दाणे पडले तर पुढच्या पावसात उगवायचे एक, फार तर दोन. तीन त्याच्या पुढच्या साली, एखाददुसरा सात-आठ वर्षांनी, आणि काही तर आमच्या हयातीत उठायचंच नाव घेत नसत. हे का, ते मी शोधून काढलं. दाण्याच्या डोळ्याशेजारी टाचणीच्या टोकाएवढं एक मेणचट बूच असतं. ते आहे तोवर आत पाण्याचा थेंब शिरत नाही. उन्हाने तापून आणि रात्रीच्या गारव्याने आकसून ते हळूहळू सैल होतं. गंमत अशी, की एकाच शेंगेतल्या दहा दाण्यांची बुचं दहा जाडीची असतात. म्हणजे वेल आपली लेकरं एकाच वर्षाच्या हवाली करत नाही. एखादं वर्ष दगा देणार, हे ती धरूनच चालते.

हे सगळं मला कळलं होतं. मीच लिहिलं होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

कारण आमची सगळी हयात टक्केवारीत गेली. बियाण्याच्या प्रयोगशाळेत नमुना आला की शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे आणि किती उगवले ते लिहायचं. नव्वदच्या वर म्हणजे उत्तम, साठच्या खाली म्हणजे नापास. गणंग निघाले की आम्ही ते वाळूच्या कागदावर घासतो. टरफलाला ओरखडा पडला की पाणी आत जातं आणि दाणा निमूट उगवतो. नोकरीला लागल्यापासून मी लाखभर दाणे तरी घासले असतील. न उगवलेला दाणा दिसला की हात शिवशिवायचे. मग मला एक जीवाणू सापडला, मातीतलाच, निरुपद्रवी. त्याचा रस त्या बुचातलं मेण विरघळवतो. तो पाण्यात कालवून फवारला की मातीतला प्रत्येक दाणा एकदम जागा. दोन महिन्यांत जीवाणू आपोआप मरतो. औषधाचं नाव ठेवलं ‘जागर’. संचालक खूश, मंत्रालय खूश. पहिला प्रयोग कुठे करायचा? मी म्हटलं, माझ्या गावात.

एप्रिल चव्वेचाळीसमध्ये ग्रामसभा भरली. पठार सगळ्या गावाचं, तेव्हा गावाची परवानगी हवी. मी पडद्यावर चित्रं दाखवली. मातीत पडून असलेल्या बियाण्यातलं दरवर्षी दहा-पंधरा टक्के उगवतं, सगळं उगवलं तर सात-आठपट रानमुगी. बायकांच्या गटाने टाळ्या वाजवल्या. मागे खांबाला टेकून दादा बसला होता. तो उभा राहिला.

“सगळी एकाच दिशी उठली,” तो म्हणाला, “अन् पावसानं पाठ फिरवली, तर?”

“दादा, पावसाचा अंदाज आम्ही बघितलाय. यंदा चांगला आहे.”

“अंदाज हाय ना. मंग निम्म्या पठारावर मारा. निम्मं ऱ्हाऊ द्या.”

निम्मं म्हणजे निकालही निम्मा. मला पूर्ण हिरवं पठार हवं होतं, वरून काढलेल्या फोटोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शिवाय तो बोलत होता ते माझ्याच प्रबंधातलं होतं, आणि तेच मला झोंबलं. मी म्हणाले, “याचं ऐकत बसलो तर झालंच. सगळ्या गावाने घरं बांधली, हा अजून मातीच्या भिंतीत राहतो. सगळे भिजले, शिजले, हा तसाच. आमच्या घरातला गणंग आहे हा.”

गाव हसलं. खूप हसलं. दादा खाली बसला नाही, निघून गेला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी ताट घेऊन गेले तर दाराला कडी होती. पुढच्या वर्षी गेलेच नाही.

आता बाकीचं थोडक्यात सांगते, कारण लांबवायला जीव होत नाही. मेअखेरीला ड्रोनने जागर फवारला. आषाढात पठार असं हिरवं झालं की पुण्याहून माणसं बघायला आली. प्रयोगशाळेच्या शीतगृहातलं दोन किलो बियाणंही मी जागर लावून पठाराच्या मोकळ्या जागी पेरायला दिलं. परत पोत्याने मिळणारच होतं. नारळी पौर्णिमेला फुलं आली. त्यानंतर एकतीस दिवस पावसाचा टिपूस नाही आणि पारा एक्केचाळीसवर. पानांनी मान टाकली नाही, हे खरं. पण खाली कातळ, वर वीतभर माती. मुळं पाणी शोधणार कुठे? सगळे वेल फुलात असतानाच वाळले. एक शेंग धरली नाही.

पूर्वीही असं झालं असणार, दहा वेळा झालं असणार. तेव्हा खाली मातीत पुढच्या सालाचे दाणे निजलेले असायचे. या वेळी कुणीच निजलेलं नव्हतं. मी सगळ्यांना उठवलं होतं. पंचेचाळीसच्या पावसात पठारावर गवत उगवलं. सेहेचाळीसलाही गवत. रानमुगीचं एक पान नाही.

अहवालात संचालकांनी लिहायला लावलं, ‘अवर्षणामुळे हानी’. मी सही केली. जागरला बक्षीस मिळालं, आणि यंदा, म्हणजे सत्तेचाळीसच्या जूनमध्ये, आणखी नऊ तालुक्यांतल्या माळांवर रानातल्या इतर कडधान्यांसाठी तो फवारायचं ठरलं.

या एप्रिलमध्ये मी फरहाना मुजावरला घेऊन गावी आले. फरहाना इंजिनियर, सत्तावीस वर्षांची, बोलायला चुरचुरीत. पुलांच्या आतल्या भेगा शोधायचं एक यंत्र तिने बनवलं होतं. माइकएवढी दांडी भिंतीवर किंवा जमिनीवर फिरवायची, तिच्यातून बारीक लहरी आत जातात, आणि आत काय दडलंय त्याचं चित्र पडद्यावर उमटतं. तिने ते इतकं सूक्ष्म केलं होतं की हातभर मातीतली मोहरी दिसायची. बी अखंड आहे की नुसतं फोल, तेही कळायचं. पंचवीस दिवस आम्ही पठार विंचरून काढलं. फोलं हजारोंनी. अखंड दाणा एकही नाही.

पंचविसाव्या दिवशी आम्ही मातखाणीच्या काठावर भाकरी खायला बसलो. मातखाण म्हणजे पठारावरचा एकमेव खोलगट भाग, जिथे वरून वाहून आलेली माती पुरुषभर साचलेली आहे; पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं आणि पडलेलं बी कुजतं. फरहानाने विचारलं, “मॅडम, इथली एवढी माती कुणी नेली?”

“गावाने. पूर्वी घरं बांधायला इथूनच न्यायचे. टोपल्याटोपल्यांनी.”

बोलले आणि घास हातातच राहिला. या मातीत दरसाल वाहून आलेले रानमुगीचे दाणे होतेच. ती भिंतीत रचली गेली, कोरडी, अंधारात, उन्हापावसापासून लांब. आणि जागर भिंतीच्या आत पोचला नव्हता. मी उठून कड्यावरून गाव बघितलं. सगळी पत्र्याची आणि स्लॅबची घरं. पंचवीस वर्षांत एकेकाने मातीची भिंत पाडून सिमेंटची बांधली, आणि जुनी माती पावसाने ओढ्याला नेली. कौलाचं घर एकच होतं. दादाचं.

“चला की मग,” फरहाना म्हणाली. “तुमचा भाऊ आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं. “तूच पुढे हो.”

दादा ओट्यावर बसून टिकावाचा मोडलेला दांडा काढत होता. तीन वर्षांत कानाजवळचे केस पांढरे झाले होते. त्याने फरहानाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

“पोरी, पानी पी. तिला पन दे.”

यमुनावहिनीने दोन तांबे आणून ठेवले आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच, बस, म्हणाली. फरहानाने सगळं समजावून सांगितलं. दादाने मान हलवली. तिने पश्चिमेच्या भिंतीवर दांडी टेकवली. ही भिंत दीड हात जाड, चिखलात भाताचं तूस मिसळून थरावर थर रचलेली. पडद्यावर तुसाच्या रेघा दिसल्या, खडे दिसले. मग एक गोल ठिपका, शेजारी डोळा, डोळ्याशेजारी बूच. मग दुसरा. मग तिसरा.

“हातभर जागेत सहा,” फरहाना म्हणाली. “सगळे अखंड.”

मी ओट्यावर बसून पडद्यावरचे ठिपके पुन्हा मोजले.

“जित्ती हायत का?” दादाने तिला विचारलं.

“ते यंत्राला कळत नाही, काका. बाहेर काढल्याशिवाय नाही कळणार.”

“म्हंजी भित पाडायची.”

“हो. पण मोडून, चाळून.”

“तिला म्हनावं, ही पावसाळी बाजूची भित हाय. सारा मारा हीच खाती. वरचे वासे हिच्यावरच टेकलेत. मिरगाला पाच आठवडं ऱ्हायलेत.”

“दादा,” मी म्हटलं, “मी इथेच बसलेय.”

त्याने ऐकलंच नाही असं केलं. मग वहिनी बोलली. ती क्वचित बोलते. “भित माझी पन हाय. दोन हजार तेवीस साली म्या सात म्हयन्यांची पोटुशी व्हते. मातखानीतून टोपली डोक्यावर घेऊन अडीचशे खेपा केल्या. ह्यांना म्हनाले व्हते, सरकारी घर घ्या. नाय घेतलं. तवा वाटायचं, कसला गनंग नवरा पदरी पडलाय.” ती हसली नाही. “पन वन्सं, ते मी म्हनायचं. घरात म्हनायचं. तुमी गावात म्हनालात.”

दादा उठला. दारात उभा राहून, पाठ माझ्याकडेच, तो म्हणाला, “गावाम्होरं बोलली. गावाम्होरं मागंल.”

एवढं बोलून तो आत गेला.

त्या दुपारी मी संचालकांना फोन केला. ते म्हणाले, “भिंत पाहिजे तर पैसे द्या, भिंत घ्या. पण सभेत पावसापलीकडे काही बोलू नका. दहा जूनला नऊ तालुक्यांत फवारणी सुरू होतेय. तुमचा एक शब्द आणि सगळं बंद पडेल. तुमचं पदही जाईल, हे लक्षात घ्या.” मी लक्षात घेतलं. पद मला हवं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. डॉक्टर बेबीला हसणाऱ्या मागच्या रांगेला मला अजून एकदा दाखवायचं होतं. रात्रभर कूस बदलत पडले. सकाळी सरपंच ठकूताईंना सांगितलं, सभा बोलवा.

सभेला तोच मांडव, तीच माणसं. दादा त्याच खांबाला टेकून बसला होता. या वेळी पडदा नव्हता, चित्रं नव्हती. मी उभी राहिले.

“रानमुगी पावसाने नाही मेली,” मी म्हणाले. “मी मारली. ती आपली लेकरं दहा वर्षांत वाटून ठेवायची, मी ती सगळी एका वर्षाच्या तोंडी दिली. हे होऊ शकतं, हे मला माहीत होतं. माझ्याच पुस्तकात लिहिलंय. आणि कुणी सांगितलं नाही असंही नाही. एका माणसाने सांगितलं होतं, निम्मं पठार राहू द्या. मी त्याचं हसं केलं. जागर कुठेही वापरू नये, असं पत्र आज सकाळी मी मंत्रालयात पाठवलंय. माझ्या सहीने.”

म्हातारी माणसं जमिनीकडे बघत होती. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या बायका आता पदराशी चाळा करत होत्या.

“आता उरलंय ते फक्त एका भिंतीत आहे,” मी पुढे म्हणाले. “जिवंत आहे की नाही, माहीत नाही. भिंत पाडून हाती काहीच न लागणं शक्य आहे. तरी मी मागतेय. दादा, तुझी भिंत दे. आणि मी जे बोलले होते त्याची मला लाज वाटते.”

रडणार नाही असं ठरवलं होतं. ते जमलं नाही. दादाने पागोटं काढलं, झटकलं, परत घातलं. मग तीन वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“टिकाव हाय का कुनाकडं?” तो म्हणाला. “माझा दांडा मोडलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा टिकाव आले. पण दादाने टिकाव मारू दिला नाही. वाशांना टेकू दिले, कौलं उतरवली आणि भिंत वरून खाली, थराथराने, कुदळीच्या टोकाने उकलली. ढेकूळ हातात कुस्करायचं, मोठ्या चाळणीतून गाळायचं, मग बारीक चाळणीतून, मग बायका परातीत घेऊन दाणे निवडायच्या. तांदळातले खडे निवडलेली बोटं ती. फरहानाचं यंत्र जे चुकायचं ते ठकूताईंच्या नजरेतून सुटत नव्हतं. आठ दिवस सगळा गाव धुळीने लाल झाला होता. दादाच्या दोन शेळ्या भलत्या खूश, कारण घराची एक बाजू उघडीच होती आणि त्या थेट चुलीपर्यंत येऊन जायच्या.

बरेच दाणे ढेकूळ फुटताना फुटले, बरेच किड्याने आतून खाल्लेले निघाले. आठव्या दिवशी संध्याकाळी वाटीत उरले एकशे त्रेचाळीस. करड्या-काळ्या ठिपक्यांचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे. चोवीस वर्षं भिंतीत राहिलेले.

“आता?” दादाने विचारलं.

माझ्या पिशवीत वाळूचा कागद होता. संचालकांचा निरोपही आलेला होता. पत्र मागे घ्या, दाणे घासून पेरा, आठ दिवसांत नव्वद टक्के उगवण दाखवा, सगळं सावरता येईल. मी कागद बाहेर काढला. पंचवीस वर्षांची सवय. एक दाणा चिमटीत धरला.

“घासलं की उगवतं?” दादा म्हणाला.

“आतमध्ये जीव असेल तर उगवतं. चार दिवसांत कळतं.”

“मंग दहा तरी घास की. मला बी बघायचंय. माझी भित गेलीय.”

मला हसू आलं. ज्याने सगळ्या गावाविरुद्ध, झोपलेल्याला उठवू नका, म्हणून भांडण केलं, तोच आता घाईला आला होता. आणि मला मात्र त्या दाण्याला हात लावावासा वाटेना. दहा घासले आणि उगवले, तर मग आणखी दहा घासावेसे वाटतील, आणि मी मला ओळखते.

“नको,” मी म्हणाले. “यातला कुठला यंदाचा आणि कुठला वीस वर्षांनंतरचा, ते त्याला माहीत. आपण तसेच पेरू. पावसावर सोडू.”

“अन् एक बी नाय उगवलं तर?”

“तर मेले आहेत की झोपलेत, ते आपल्याला कळणार नाही. पुढच्या सालापर्यंत वाट बघायची. मग त्याच्या पुढच्या.”

दादाने माझ्या हातातून वाळूचा कागद घेतला आणि टिकावाचा नवा दांडा गुळगुळीत करायला वापरला.

पठारावर एक वाफा निवडला, भोवती दगडांची ताल, म्हणजे बुटका बांध, घातली आणि एकशे त्रेचाळीस दाणे वितीवितीवर ठेवले. दर जागी फरहानाने बांबूची काडी रोवली. मग मी पुण्याला गेले. पद गेलंच. जागरची फवारणी थांबली, चौकशी बसली, आणि मला तळघरातल्या नमुन्यांच्या खोलीत एक टेबल मिळालं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी लागलं.

नऊ जूनला पाऊस आला. पश्चिमेच्या बाजूला दादाने मेणकापड ताणलं होतं, तरी पहिल्याच झडीत घरात पाणी शिरलं. हे मला वहिनीने फोनवर सांगितलं, तक्रार न करता, आणि तेच जास्त लागलं. मी रोज विचारायची. रोज उत्तर एकच, गवत. पाचवा दिवस, आठवा दिवस, बारावा दिवस. रानमुगीला उगवायला सहा दिवस पुरतात. तेराव्या दिवशी मी विचारायचं बंद केलं.

पंधराव्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. त्याने मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. भांडण व्हायच्या आधीही नाही.

“ये,” तो म्हणाला, आणि ठेवला.

मी तीन तासांत पोचले. धुकं होतं, हातभरापलीकडे दिसत नव्हतं. दादा वाफ्याशी इरलं घेऊन उकिडवा बसला होता. त्याने बोट दाखवलं. एका काडीशेजारी दोन पानं होती, आणि त्यांच्यामधून तिसरं, तीन टोकांचं, अजून मिटलेलं. मी चिखलात गुडघ्यांवर बसले. मग पुढची काडी, मग त्या पलीकडची. दोघांनी मिळून सगळा वाफा रांगत मोजला. एकोणीस.

एकशे त्रेचाळीसात एकोणीस. तेरा टक्के. प्रयोगशाळेत असा नमुना आला असता तर मी लाल शाईने ‘नापास’ लिहून पोतं परत पाठवलं असतं. आणि मी तिथे, त्या पावसात, तोंडावर हात घेऊन रडत होते, कारण तेरा टक्के म्हणजे अगदी बरोबर होतं. जिवंत रानमुगी तेवढीच उगवते. बाकीचे नुसते पडून नव्हते. ते थांबले होते.

“आन ते एकशे चोवीस?” दादाने विचारलं.

“त्यांची पाळी यायचीय.”

“आपन असू का तवा?”

“काहींच्या वेळेला असू.”

त्याने इरलं थोडं माझ्या बाजूला सरकवलं.

एकोणीस वेलांवर भाद्रपदात फुलं आली. यंदाही पंधरा दिवस पाऊस गेला होता, तेव्हा आठ वेल वाळले. अकरा टिकले. आश्विनात दंव पडायला लागल्यावर मी रजा काढून आले आणि रोज पहाटे दादा, वहिनी आणि मी गुडघ्यांवर बसून शेंगा तोडल्या. पहिल्या दिवशी मी उशिरा पोचले, ऊन चढलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तीन शेंगा तडकल्या. दादा म्हणाला, “डाक्टर झाली तरी सकाळी उठायचं जमंना.” आम्ही त्या वर्षी कढण केलं नाही. निम्मे दाणे पठारावर परत विखुरले, थोडे शीतगृहात नेले, आणि राहिलेले दादाने एका डब्यात ठेवले.

दिवाळीच्या आधी भिंत बांधायला घेतली. सरकारी नुकसानभरपाईतून विटा-सिमेंट मिळत होतं, ठकूताईंनी अर्जही भरून आणला होता. दादाने तो परत केला. मातखाणीची माती आणली, अख्ख्या गावाने आणली, वहिनीला एक टोपलीही उचलू दिली नाही. अंगणात चिखल केला, भाताचं तूस घातलं. मग दादा आतून डबा घेऊन आला, झाकण काढलं आणि चिमूट भरून दाणे चिखलावर टाकले. दुसरी चिमूट. तिसरी.

मी दचकले. “दादा, अरे ओलं आहे. त्यातले काही उगवून मरतील.”

“यंदाचे असतील ते मरतील. बाकीचे ऱ्हातील.”

ते बरोबर होतं. त्याला माझ्यापेक्षा लवकर सुचलं होतं, आणि मला राग आला नाही. ठकूताई दोन पावलं पुढे आल्या. “देवरामभाऊ, माझ्या पडवीची एक भित मातीची बांधते. मला पन दे चिमूटभर.” मग आणखी कुणी मागितलं, आणि दादा डबा घेऊन सगळ्यांत फिरला.

“किती टाकलेस या भिंतीत?” मी विचारलं. “नोंद करायला हवी. पुढे कुणाला लागले तर त्यांना कळणार कसं, कुठे आहेत ते?”

“पोरांना सांगू,” वहिनी म्हणाली. “सून आली की तिला सांगू.”

“पण किती ते?”

“मोजलं नाय,” दादा म्हणाला. “ज्याच्यावर येळ यील तो फोडील अन् मोजील. तू तुडव आता, चिखल सुकाया लागला.”

मी चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरले.